मोठं शीड आणि बारीक फळी

मूर्खपणा कबूल करायचाच तर मापापासून सुरुवात करते. वाऱ्यावर पाण्यातून जायची ती फळी असते ना, मधोमध डोलकाठी आणि शीड लावलेली, तिच्यासाठी मी शीड घेतलं ते दोन मापं मोठं. का, तर पुढे उपयोगी पडेल म्हणून! पोरांचे शाळेचे कपडे आपण असेच घेतो, बाह्या दुमडून, खालची पट्टी आत शिवून, वाढत्या अंगाचे. दोन-तीन वर्षं तरी निघतात. मला वाटलं, शीडही तसंच. या खेळात आज मी लहान आहे, उद्या मोठी होईन. तेव्हा माझं वय बत्तीस. वाढ खुंटून जमाना झाला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोईसरला राहायचो. आमच्या ह्यांच्या कारखान्यात परदेशी यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर वर्षभर येऊन राहिला होता. रविवारी तो चिंचणीच्या किनाऱ्यावर त्या फळीवर उभा राहायचा, शिडाचा आडवा दांडा धरायचा आणि जायचा. वल्हं नाही, इंजिन नाही. वाटेल तिथे वळून परत यायचा. मी एकदा पाहिलं आणि घरी आले ती तापच घेऊन आले. मला यायला हवं हे. पोहता येत होतं, माहेरी वाडीतल्या विहिरीत शिकले होते. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला दर्यावर्दी समजायला लागले.

तो परत निघाला तेव्हा त्याच्याकडे विकायला दोन फळ्या होत्या आणि दोन शिडं. एक फळी रुंद, जाड, ओरखडे पडलेली, जुन्या दरवाजासारखी. दुसरी बारीक, पांढरी, कडेने नारिंगी पट्टा. त्याने रुंद फळीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, ये आपके लिए," तो म्हणाला. "ये नहीं गिराएगा."

मला राग आला. दोन बाळंतपणांनंतर मी जरा भरले होते, पण म्हणून दरवाजा माझ्या माथी? मी बारीक फळी उचलली. शिडांतलंही तो लहान पुढे करत होता. मी मोठ्याला हात घातला. त्याच पैशांत दुप्पट कापड मिळतंय तर लहान कोण घेईल? तो बिचारा मान हलवत राहिला. मला वाटलं, माझी पारख बघून थक्क झाला.

फळी घरी आली आणि पुढच्या खोलीत आडवी पडली. तिथे सासूबाई दुपारी वामकुक्षी घ्यायच्या. त्यांनी फळीला एक प्रदक्षिणा घातली.

"सूनबाई, हे काय आणलंस?"

"आई, यावर उभं राहून समुद्रात जातात."

"आणि येतात का परत?"

"येतात की."

"मग होळीपर्यंत जाऊन दाखव आणि तशीच परत येऊन दाखव. आलीस तर फळी राहील. नाही आलीस तर जाईल. मला पाठ टेकायला जागा लागते."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. म्हणजे ठराव मंजूर. माझ्या हातात तीन महिने होते. मला तेव्हा ते भरपूर वाटले.

आमच्याकडे मासळी घेऊन यायची ती बाई किनाऱ्यालाच राहायची. तिच्या अंगणात मी फळी ठेवली आणि रविवारी बसने जायला लागले. पहिल्या रविवारी पोचले तर समुद्रच नाही! ओहोटी. पाणी दूर क्षितिजाशी चमकतंय आणि मधे नुसता चिखल. फळी ओढत निम्म्यात पोचले तोवर हात गळाले, आणि मग भरती मलाच शोधत आली. दुसऱ्या रविवारी भरतीची वेळ विचारून गेले, तर लाटा फळी घेऊन माझ्याच नडगीवर आदळत होत्या. शीड पाण्यात आडवं पडलं की दोरी ओढून उभं करायचं असतं. ते शीड पाणी पिऊन असं जड व्हायचं की ओली गोधडी विहिरीतून काढतेय असं वाटावं. उभं झालंच तर वारा ते हिसकून घ्यायचा आणि मी शिडामागोमाग पाण्यात. वर अंगात पंजाबी ड्रेस. कुर्ता फुगला की दोन शिडं व्हायची, एक काठीला आणि एक मला.

किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका काम थांबवून बघायच्या. "पडली गो!" एक ओरडायची. "आता उजवीकडं पडल," दुसरी म्हणायची. आणि मी खरंच उजवीकडे पडायचे. नाकातोंडात खारं पाणी आणि डोळ्यांत संतापाचं. घरी येऊन सांगायचं, "प्रगती आहे."

मग मी डोकं चालवलं. दुपारी लाटा असतात, तर सकाळी जावं. सकाळी समुद्र कसा परातीत पाणी ठेवल्यासारखा सपाट होता. शीड एका झटक्यात उभं राहिलं. मी उभी राहिले. फळी चालायला लागली! मासळी वाळवणाऱ्या बायका हात हलवत होत्या, मीही राणीसारखा हात हलवला. त्या 'परत फिर' म्हणत होत्या हे फार उशिरा कळलं. किनारा रेघेएवढा झाला तेव्हा मी वळायचा प्रयत्न केला आणि पडले. पुन्हा उभी राहिले, पुन्हा पडले, आणि दर पडण्यागणिक आणखी लांब गेले. शेवटी फळीवर पालथी पडून नुसती देवाचं नाव घेत होते.

मासळीवालीचा नवरा होडी घेऊन आला. त्याने फळीला दोर बांधला, मला वर ओढलं आणि इतकंच विचारलं, "मस्कतला चाललीस काय, बाय?"

किनाऱ्यावर मासळीवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "सकालचा वारा जमिनीवरून भायेर जातो. आमच्या होड्या त्याच वाऱ्यानं जातात नि दुपारच्या वाऱ्यानं घरला येतात. एवरं पन म्हाईत नाय तुला? नि शिकायचं तर दर्यात कशाला मरतेस? पाम गावाच्या बाजूला खाजन हाय, खाडीचं पानी बांध घालून अडवलेलं. कमरेएवरं पानी. लाट नाय, कुठं वाहून जायाचं नाय."

वाहून गेल्याची बातमी मी घरी दिली नाही. ती माझ्याआधी पोचली होती. सासूबाईंनी फक्त कॅलेंडरकडे पाहिलं. होळीला तीन आठवडे.

रुंद फळी मिळते का म्हणून शोध घेतला, तर ती कुणीतरी मनोरला नेली होती आणि तिथे एका हॉटेलाबाहेर तिच्यावर बसून लोक चहा पीत होते. खरंच भक्कम होती म्हणायची. मासळीवालीच्या नवऱ्याने मग माझ्या बारीक फळीला दोन्ही कडांना जाळ्याचे तरंगते गोळे बांधून दिले. ऐन उमेदीत तो होड्यांची शिडं शिवायचा. त्याने मला हात पसरून उभं केलं, माझ्याकडे पाहिलं, शिडाकडे पाहिलं आणि मागच्या बाजूने जवळजवळ निम्मं कापून टाकलं. कात्रीचा प्रत्येक आवाज मला काळजात ऐकू आला. ड्रेसऐवजी बायकोने तिचं जुनं लुगडं काचा मारून नेसवलं. त्याला फुगायला जागाच नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी सगळे खाजणावर. सासूबाई बांधावर छत्री उघडून बसल्या, ह्यांनी शेजारी घड्याळ काढून ठेवलं. पाणी कमरेएवढं, तळाशी मऊ चिखल. मी दोरी ओढली आणि लहान शीड टुणकन उठलं. दांडा धरला. फळी हलली, गोळ्यांमुळे डुलली, पण पडली नाही. मी गेले! अख्खं खाजण ओलांडून पलीकडच्या बांधाला जाऊन टेकले. आयुष्यात पहिल्यांदा मी वाऱ्याने हव्या त्या ठिकाणी गेले होते.

आता परत यायचं. वळले, पडले. उठले, वळले, पडले. अकरा वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं. वारा तोच, शीड तेच, पण उलट्या दिशेला कसं यायचं ते मला त्या गोऱ्याने सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं. घेताना नुसता रंग बघितला होता. शेवटी असा संताप आला की शीड आडवं टाकलं, फळीचं नाक काखेत धरलं आणि चिखल तुडवत, रडत, शिव्या घालत अख्खं खाजण चालत परत आले.

बांधापाशी पोचले. ह्यांनी घड्याळ हातात चढवलं. सासूबाईंनी छत्री मिटली, मला लुगड्यापासून चिखलापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "गेलीस वाऱ्याने, आलीस चालत. म्हणजे पैज अर्धी जिंकलीस. आता फळीचा कुठला अर्धा भाग ठेवायचा ते तू सांग, उरलेल्यावर मी पाठ टेकते."