दोन्हीकडून

आमचं लग्न ठरलं तेव्हा आत्या साऱ्या अनगोळात मिरवत होती, "भावाचीच पोरगी हाय, पारखायचं काय त्यात?" आमच्याकडे मामाची मुलगी करण्यात नवल नाही. बाहेरची केली तरच लोक चार प्रश्न विचारतात.

पुढे माझे वडील विसरू लागले, आणि ते गेल्यावर काही वर्षांनी आत्याही विसरू लागली. मी तिची सून की भाची, आता तिला दोन्ही आठवत नाही.

आत्याचे रिपोर्ट घेऊन मी आणि हे गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?"

"माझ्या वडिलांना."

"ते माहेरचं झालं. सासरचं सांगा."

"दोन्ही एकच आहे हो," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग नीट समजावलं. एक जनुक असतं, त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यातला धोक्याचा प्रकार एकीकडून आला तर आजाराची शक्यता वाढते, दोन्हीकडून आला तर आणखी. पण आला म्हणून आजार होतोच असं नाही, आणि नाही आला म्हणून सुटलो असंही नाही. असल्या उत्तराला मी उत्तरच मानत नाही. मला राग आला, पण धरायचा कुणावर?

परतताना रिक्षात बसलो. दोघांच्या डोक्यात पुण्याला नोकरी करणारी आमची एकुलती एक लेक. शेवटी हे म्हणाले, "तिला काय बी सांगायचं न्हाय."

तेव्हापासून घरात शांतता अशी नाही. हे चष्मा शोधू लागले की माझे कान टवकारतात. मी सहज विचारते, "गुंजीला आपण कुणाच्या बारशाला गेलतो हो?" हे बरोबर सांगतात, आणि लगेच, "आणि तू कुठली साडी नेसलीतीस?" सहज म्हणे! मला काय कळत नाही? कुकरच्या शिट्ट्या चुकल्या तरी हे दारात येऊन उभे राहतात.

परवा लेकीचा फोन आला. "आई, काल भाजी काय केलतीस गं?" मी सांगितलं, दोडका. मग म्हणाली, बाबांना दे. हे काही क्षण ऐकत राहिले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोडका."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आजी ही आजोबांची सख्खी बहीण, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. तिनं आपलं आपण जुळवलं होतं आणि आता ती आम्हाला तपासत होती.

मी फोन परत घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि तू काल काय खाल्लंस?"

पलीकडून हसल्यासारखा आवाज, "थांब हं, आठवते."

तिचं वय चोवीस. या वयात काही होत नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ती पुन्हा बोलेपर्यंत मी ह्यांचा हात घट्ट धरून उभी होते.