दरवाजाचा ब्रश

नवरात्रातला दुसरा दिवस. इमारतीच्या रंगकामात जुनी, वापरलेली साधने चालवून घेऊ नयेत, अशा मागणीचे पत्र सोसायटीकडे गेले. जबाबदार: मी स्वतः.

नवरात्रातला सहावा दिवस. ते पत्र मागे घेत असल्याचे दुसरे पत्र मी कारणांसह, दोन प्रतींत दिले आणि पोच घेतली. ते समितीपुढे न ठेवल्याबद्दल जबाबदार: सचिव.

दसऱ्यानंतरचा रविवार. पहिल्या पत्राच्या आधारे समितीने ठराव केला. जबाबदार: अध्यक्ष, आणि न वाचता हात वर करणारे सर्व सदस्य.

त्यानंतरचा मंगळवार, सकाळ. जिन्याखालच्या खोलीतला पत्र्याचा डबा घंटागाडीत टाकण्यात आला. जबाबदार: ज्याने तसे सांगितले तो. तो कोण, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

मी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर कर्जतला घर घेतले. कोणतेही काम लेखी अटींशिवाय द्यायचे नाही, ही सवय न्यायालयातून सोबत आली. त्यामुळे घरातले चार दरवाजे रंगवायचे ठरले तेव्हा मी अटींचा कागद तयार केला. त्यातली एक अट अशी होती की, सर्व ब्रश नवे व न वापरलेले असावेत.

तो कागद ज्यांच्या हाती दिला ते रंगारी खालापूरच्या बाजूचे, साठी ओलांडलेले. त्यांना सगळी इमारत चाचा म्हणते. त्या दिवसांत ते सोसायटीच्या जिन्याच्या जाळ्या रंगवत होते. टर्पेंटाइनच्या बाटल्या एसटीत घेऊ देत नाहीत आणि शेअर रिक्षातले लोक वासाने नाक मुरडतात, म्हणून त्यांचा साधनांचा डबा जिन्याखाली असे. तो जुनाट, रंगाचे ओघळ सुकलेला डबा पाहूनच मी सोसायटीला ते पहिले पत्र लिहिले होते. चाचांनी माझा कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि बाजारातून नवे ब्रश आणले.

दुसऱ्या दिवशी ऑइलपेंट वाळला आणि दरवाजावर केस दिसू लागले. ब्रशचे काळे, बारीक केस, रंगात रुतलेले. बैठकीच्या एका दारावर मी एकवीस मोजले. सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "दाराला मिशा फुटल्यात. आता नोटीस कोणाला काढताय?"

नोटीस माझ्या मनात तयारच होती. मी चाचांना बोलावून घेतले आणि कामातील दोष त्यांच्यासमोर एकेक करून मांडले. ते स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून माझाच कागद काढला आणि त्या अटीवर बोट ठेवले.

"नवा ब्रश केस सोडतोच, साहेब. तुमी कोर्टात होतात ना? मग नव्या वकिलाला पयल्याच दिवशी खुनाचा खटला देतात काय?"

हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे मी विचारले, तर म्हणाले की सही झालेल्या कागदापुढे बोलायची त्यांना सवय नाही. नंतर ते मला जिन्याखाली घेऊन गेले आणि डबा उघडला. माझ्या नोकरीत मी पुष्कळ दप्तरे पाहिली. इतके नीट लावलेले दप्तर पाहिल्याचे आठवत नाही.

आत नऊ ब्रश होते. प्रत्येक ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून, टोकाकडे कागद दुमडून, दोऱ्याने बांधलेला. घडी अशी की केस वाळताना धारेचा आकार सोडू नयेत. चाचांच्या हाताखालच्या ब्रशला बढती असते. नवा ब्रश आधी चुन्याला लागतो. तिथे त्याचे सुटे केस गळून जातात. मग तो प्रायमरला, मग गेटला आणि खिडक्यांच्या गजांना. दोन-तीन वर्षांनी, धार झिजून एकसारखी झाली की तो दरवाजाला येतो. दरवाजाचे ब्रश नवांपैकी तीनच होते. त्यातल्या एकाची मूठ बोटांच्या जागी खोलगट झाली होती.

त्या संध्याकाळी मी तिथेच उभा राहून त्यांची सफाई पाहिली. आधी ब्रश रंगाच्या डब्याच्या काठावर निपटायचा, मग जुन्या वर्तमानपत्रावर ओढत राहायचे, कागदावर रंग उमटेनासा होईपर्यंत. मग टर्पेंटाइनच्या तीन बाटल्या: पहिली गढूळ, दुसरी कमी गढूळ, तिसरी स्वच्छ. तिन्हीतून क्रमाने काढलेला ब्रश कपड्याच्या साबणाने धुऊन ते बारीक दातांच्या फणीने विंचरत. गढूळ बाटली दोन दिवस न हलवता ठेवली की रंग तळाशी बसतो आणि वर निवळ टर्पेंटाइन येते. ते अलगद ओतून घेतले की पुन्हा वापरात. तळाचा चिखलही फुकट जात नाही. टाकीखालच्या लोखंडी घोडीला पहिला हात त्याचाच. नाल्यात का ओतत नाही, असे मी विचारले. खाली माणसे भाताची शेती करतात, इतकेच ते म्हणाले.

ही शिस्त त्यांना माथेरानला लागली. तरुणपणी ते तिथल्या हॉटेलांचे रंगकाम करत. वर मोटारगाडी जात नाही. रंगाचे डबे घोड्यावरून नाहीतर डोक्यावरून चढवायचे. एक ब्रश वाळून दगड झाला तर दुसऱ्यासाठी नेरळपर्यंत उतरायचे आणि दिवसाची खोटी. म्हणून जेवायला बसण्याआधी ब्रश धुवायचा, मग आपले हात.

मी घरी येऊन तो अटींचा कागद फाडला. चाचांनी माझे दरवाजे पॉलिशपेपरने घासून पुन्हा रंगवले, त्या खोलगट मुठीच्या ब्रशने. हात फिरवला तर ब्रशचा माग लागत नाही. दारात उभे राहून मी ते वारंवार पाहिले, हे इथे नमूद करतो. काम संपले त्याच दिवशी सोसायटीला दुसरे पत्र दिले. एखादी चूक लेखी केली असेल तर ती लेखी दुरुस्त होते, असा माझा आयुष्यभराचा समज होता.

मंगळवारी चाचा आले तेव्हा जिन्याखालची खोली धुऊन स्वच्छ केलेली होती. त्यांनी सफाई कामगाराला एकदाच विचारले, गाडी किती वाजता गेली. मग उरलेल्या जाळ्या नव्या ब्रशने पूर्ण केल्या. जाळीला नवा चालतो. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार मी केली, पाच पत्रांतून, आणि एकाचेही उत्तर आलेले नाही.

दिवाळीच्या तोंडावर तळमजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना दरवाजे रंगवायला सांगितले. चाचा म्हणाले, "दरवाजे आता घेत नाय, ताई. भिंती सांगा."

मी शेजारीच उभा होतो. नवा ब्रश तयार व्हायला तीन वर्षे लागतात आणि खांदा आता धड वर जात नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितले, हसत. ज्या माणसाने रंगवलेल्या दारावर हाताला माग लागत नाही, तो चुना मारतो आहे.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या सर्वसाधारण सभेत चाचांना पुढच्या ओळीत खुर्ची द्यावी. मी आधी उभा राहून माझ्या पहिल्या पत्राबद्दल त्यांची सर्वांसमक्ष माफी मागेन. त्यानंतर अध्यक्षांनी उभे राहून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: माझे दुसरे पत्र कुठे आहे; मालकाला न विचारता डबा टाकायला कोणी सांगितले; आणि जुन्या साधनांविरुद्धचा तो ठराव त्याच सभेत रद्द करणार की नाही. उत्तरे मला बंद लिफाफ्यात नकोत. ती चाचांकडे पाहून, सर्वांना ऐकू जातील अशी द्यावीत.