पाऊण लिटर पाण्याचा प्रवास

भंडारा रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाटलीतलं पाणी पहिल्या रेघेच्या खाली गेलं होतं. बाटली पाऊण लिटरची आहे. तिच्यावर मी काळ्या पेनाने सहा रेघा मारल्या आहेत. चोवीस तासांत मला एवढंच पाणी चालतं, आणि चहा, ताक, वरण यांतलं पाणीही त्यातच धरायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या थकल्या. दर बुधवारी आणि शनिवारी चार-चार तास मी डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असतो. मधल्या दिवसांत प्यालेलं पाणी अंगातच राहतं, आणि फार साठलं की फुप्फुसात चढतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हे मला दाखवलं होतं. मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि विसरलो.

माझं नाशकात पितळी भांड्यांचं दुकान आहे. फुटपाथवर गोणपाट टाकून सुरुवात केली होती. गेल्या महिन्यात दुकानात गेलो तर गल्ल्यापुढची माझी खुर्ची जागेवर नव्हती. ती मागच्या खोलीत, पंख्याखाली ठेवलेली. धाकटा भाऊ संजय म्हणाला, "दादा, तिथे तुला आराम." त्याच दिवशी जुना ठोक व्यापारी आला. वीस वर्षं माझ्याशी हुज्जत घालणारा तो माणूस माझ्यासमोर उभा राहून भाव संजयला सांगत होता. मला म्हणाला, "तब्येत सांभाळा शेठ." त्या क्षणी त्याच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला.

म्हणून मी एकटा निघालो. पवनी तालुक्यातल्या एका घरी जुनं ठोक्याचं गुंड (पाणी भरायचा पितळी हंडा) विकायला आहे, असा निरोप दुकानावर आला होता, संजयनेही तो ऐकला होता. ते मी स्वतः आणणार, भाव मी करणार. बायकोला सांगितलं, नागपूरला लग्न आहे. बुधवारी गाडी चुकू नये म्हणून सिस्टरशी वाद घालून मशीनवरून तासभर आधी उठलो. आजाराची फाईल मुद्दाम कपाटात ठेवली. फाईल घेऊन जाणारा माणूस व्यापारी दिसत नाही, रोगी दिसतो.

स्टेशनपासून भंडारा गावापर्यंत रिक्षावाल्याशी भांडून गेलो, तिथून पवनीची बस धरली. पाऊस नव्हता, पण हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली वाफ्यासारखी शेतं), त्यांच्या वरच्या अंगाला बोड्या (छोटी तळी), आणि प्रत्येक बोडी काठोकाठ भरलेली. तहानलेल्या माणसाला असा मुलूख दाखवू नये. मी खिडकीकडे पाठ केली. शेजारच्या बाईच्या मांडीवर पळसाच्या हिरव्या फांद्यांची मोळी होती.

"या कशाला?" मी विचारलं.

"मेढे होत जी. दारात ठेवाले. आज पोळा नाही का," ती म्हणाली.

पोळा. तीस वर्षं धंदा केलेला माणूस पंचांग न बघता निघाला होता. तरी वाटलं, सणालाच माणूस खुशीत असतो, भाव पडेल.

गाव म्हणजे पुनर्वसनाची वस्ती. गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव गेलं, तेव्हा सरळ रेषेत आखलेले हे रस्ते आणि एकसारखी घरं मिळाली. गल्लीच्या टोकाला वैनगंगेचं थोपवलेलं पाणी दिसतं, समुद्र असावा तसं. गुंडाचे मालक माणिकभाऊ त्याच पाण्यात मासे धरतात. साठीचे, सडसडीत, बोलायला सावकाश. अंगणात खाट टाकली, आणि मी टेकायच्या आत त्यांची मुलगी कुंदा पितळी लोटा भरून घेऊन आली. पंचविशीची, बारीक, डोळ्यांत पिवळसर झाक. दुसऱ्या हातात तिची स्वतःची कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली होती, तीही पाण्याने भरलेली.

"पानी घ्या जी," ती म्हणाली.

आता इथे माझ्या धंद्याचा एक नियम सांगतो. विकणाऱ्याच्या घरचं पाणी नाकारायचं नाही. नाकारलं की त्याचं मन उठतं, आणि मन उठलेला माणूस भाव कमी करत नाही. शिवाय पाणी नाकारायचं तर कारण सांगावं लागतं. कारण सांगितलं की झालं, "तब्येत सांभाळा शेठ." मी लोटा उचलला आणि सगळा रिकामा केला. किती महिन्यांनी असं प्यालो होतो. घसा, छाती, पोट, सगळीकडे ते थंड पाणी उतरताना कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम पुसायच्या निमित्ताने टिपलं.

गुंड बघितलं. अस्सल. ठोक्याच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या. मी तोंड वाकडं करून म्हणालो, "काठाला चेपलंय."

"चेपलं नाही जी, माह्या मायच्या कमरेचा आकार हाय तो," माणिकभाऊ म्हणाले. "पन आज काही बोलू नका. सनाच्या दिशी घरचं भांडं आमी बाहेर जाऊ देत नाही. उद्या न्या."

"उद्या दुपारी माझी गाडी आहे."

"तं सकारी न्या. आज जेवा, रहा. पाव्हन्याले उपाशी कोन पाठवते?"

चिडलो, पण गुंड हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. जेवायला पुरणपोळी, कढी, मिठाचे भजे. कढी दोनदा वाढली, मी दोनदा प्यालो. माझी बाटली कुंदाने भिंतीजवळून उचलून बघितली.

"रेघा कायच्या जी?"

"सवय आहे. मोजून पितो."

"मी बी मोजून पितो. मले चार लिटर सांगतलं डॉक्टरनं. सिकल हाय मले, सिकलसेल. पानी कमी झालं का हाडं मोडल्यावानी कळा येतेत." तिने माझ्या पूर्ण बाहीच्या शर्टाकडे बघितलं. "एवढ्या गर्मीत बाही काहून ओढून ठेवता?"

"डास चावतात."

डाव्या मनगटाच्या वर डॉक्टरांनी धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या आहेत, तिथे सुया टोचतात. शीर दोरखंडासारखी फुगलेली आहे. ती मी दोन वर्षांत घराबाहेर कुणाला दाखवलेली नाही.

पहाटे जाग आली ती गुदमरून. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होत होतं. उठून बसलो तर थोडा दम मिळाला. पाय जमिनीवर टेकवले. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांचं चित्र आठवलं. पण मनात पहिला विचार पाण्याचा आला नाही, संजयचा आला. हे कळलं की तो म्हणणार, बघ, म्हणूनच खुर्ची आत नेली.

कुंदा झाडू घेऊन अंगणात आली आणि थांबली.

"दम लागून राहिला तुमाले."

"ॲसिडिटी आहे."

तिने खाली बसून माझ्या पायावर बोट दाबलं, खड्ड्याकडे बघितलं, मग न विचारता माझी बाही वर सारली. "डायलिसिसवाले हात मी पाहिले हायेत, शेठ. माह्या वार्डाच्या बाजूलेच मशीन हाय. काल लोटाभर पानी कायले पेले?"

"तुमचं मन मोडू नये म्हणून."

"आमचं मन मोडत असते का लोट्यानं? सांगाचं होतं. मी अर्धा कप देतली असती, थेच पानी."

माणिकभाऊ गाडी बघायला पळाले. तिने भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन लावला, ऐकत राहिली, मग फोन बाजूला धरून म्हणाली, "जागा हाय. पन तुमचे कावीळ-एचआयव्हीचे रिपोर्ट आन मागच्या डायलिसिसचा कागद लागते. त्याबिगर मशीनवर घेत नाहीत. कुठी हाय फाईल?"

फाईल नाशकात, माझ्या कपाटात. बायकोला लग्नाचं सांगून निघालेलो, म्हणजे फोन करायला उरला एकटा संजय.

मी बाही परत खाली ओढली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तरी फोन खिशातून काढला नाही. तेवढ्यात गल्लीत ओरडा उठला. पुरुष, बायका, सगळे दारातले पळसाचे मेढे उचलून गावाच्या शिवेकडे निघाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी इथे नारबोद नेतात. गावातली रोगराई त्या मेढ्यांबरोबर नारबोद नावाच्या बाईच्या गळ्यात घालून शिवेपलीकडे फेकायची.

"खोकला-खरूज घेऊन जा गे नारबोद."

"डास-मच्छर घेऊन जा गे नारबोद."

"सरपंचाची झोप घेऊन जा गे नारबोद," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

कुंदाने दारातला मेढा उपटला. "लहान होती तवा मी दरसाल ओरडत जाऊ, सिकल घेऊन जा गे नारबोद. थो दरसाल घरीच राहे. बारावीले होती तवा इतकी चिडली का मेढा उचललाच नाही. मंग महिन्याच्या महिन्याले आमी सिकलवाले बसतो ना दवाखान्यात, कोनी रडते, कोनी शिव्या देते, तिथं एक बाई म्हने, अगं, सबन मागशील तं भेटन कसं? लहान माग. तवापासून लहान मांगतो. एकदा म्हटलं, कळ येयाच्या आधीची भीती घेऊन जा. एकदा म्हटलं, लोकायची कीव घेऊन जा."

"गेली?"

"अर्धी गेली. बाकीची घासाघीस सुरू हाय." तिने मेढा माझ्यापुढे धरला. "बोला लवकर. गाडी येऊन राहिली."

सौद्यातलं मला कळतं. समोरचा देऊच शकत नाही ते मागत बसणारं गिऱ्हाईक दिवसभर दुकान अडवतं आणि रिकाम्या हाताने जातं. दोन वर्षं मी तेच करत होतो. जुनं शरीर परत द्या, नाहीतर काहीच नको.

ओठांवर पहिलं नाव संजयचं आलं होतं, खोटं कशाला बोलू. ते गिळलं. मग निघालं ते हे, "लपवणं घेऊन जा गे नारबोद." ओरडायला दम नव्हता, पुटपुटलोच.

मेढा घ्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "हा कोनता रोग हो, शेठ?"

"मोठा हाय, आबाजी," कुंदा म्हणाली. "दूर फेकजा."

मी संजयला फोन लावला.

"दादा? एवढ्या सकाळी?"

"भंडाऱ्यात आहे. दम लागलाय. इथे मशीनवर घेतील, पण फाईल घरी आहे."

मी शिव्या ऐकायची तयारी केली. "फाईलचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासूनचे. तिथला नंबर दे. आणि आडवा पडू नकोस, बसूनच जा." नंबर दिला. तो फोन ठेवेना. मग म्हणाला, "गुंड ठोक्याचं आहे की मशीनचं?"

"ठोक्याचं."

"मग सोडू नकोस."

गाडीत माझ्या शेजारी माणिकभाऊंनी गुंड आणून ठेवलं आणि भाव सांगितला. तोच दिला. दम नव्हता म्हणून दिला, असं मी मनाशी म्हणतो. शिवेवर पळसाच्या फांद्यांचा ढीग पडला होता, त्याला वळसा घालून ड्रायव्हरने गाडी काढली. पवनी ते भंडारा हा रस्ता मला काही आठवत नाही. आठवतो तो फक्त प्रत्येक श्वास. तो पुरेल की नाही, याचा हिशोब करत होतो.

दवाखान्यातल्या सिस्टरने मी पोचायच्या आधीच रिपोर्ट छापून ठेवले होते. मशीनने अडीच लिटर पाणी काढलं. दुसऱ्या तासाला छाती मोकळी झाली तसा घाम सुकला. बाहेरच्या बाकावर कुंदा बसली होती, तिची दोन लिटरची बाटली संपत आली होती. दारातून डोकावून म्हणाली, "तुमच्या वाट्याचं बी मीच पिऊन राहिली, शेठ."

त्या दिवशीची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी माणिकभाऊंनी स्टेशनवर आणून बसवलं. कुंदाने माझ्या बाटलीवर सातवी रेघ मारली होती, अगदी तळाशी. "हे पाव्हनपनाची," ती म्हणाली. "कोनी आग्रह केला तं एवढंच."

नाशिकला संजय फलाटावर उभा होता. गुंड त्याने खांद्यावर घेतलं. बॅग मात्र माझ्या हातात राहू दिली. घरी बायको दोन दिवस बोलली नाही, तो तिचा हक्क होता.

खुर्चीचं भांडण मिटलेलं नाही. ती मी स्वतः ओढत गल्ल्यापुढे आणली, संजयने ओठ आवळले, आणि पंखा काढून पुढे लावला. गुंड तिसऱ्या दिवशी विकलं गेलं, नफा ठीक. मन दर दिवशी बरं असतं असंही नाही. मंगळवारी, मशीनच्या आदल्या संध्याकाळी, अजून चिडतो. तेव्हा संजयला सांगतो की चिडलोय, आणि तो चहाचा कप अर्धाच भरतो.

गेल्या आठवड्यात तो ठोक व्यापारी परत आला. संजयच्या कानाशी लागून विचारत होता, दादांचं कसं काय. मी बाही कोपरापर्यंत दुमडली, हात गल्ल्यावर ठेवला. त्याची नजर फुगलेल्या शिरेवर गेली आणि तिथेच राहिली.

"बुधवार, शनिवार मी मशीनवर असतो," मी म्हणालो. "बाकीचे पाच दिवस भाव माझ्याशीच करायचा. बसा."