मानपत्रातले उंदीर

विज्ञानाचा इतिहास ज्या दिवशी पूर्ण लिहून होईल, त्या दिवशी आमच्या गावाचं नाव त्यात सोनेरी अक्षरांत असेल. हे वाक्य माझं आहे. ते मी लिहिलं, जालन्याच्या एका फ्रेमवाल्याने काचेखाली बसवलं, आणि अक्षरं खरोखरच सोनेरी केली, कारण त्याच्याकडची लाल शाई संपली होती.

गाव हसनाबादच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. गावातला एक मुलगा शिकायला बाहेर पडला तो परदेशातल्या एका संशोधन संस्थेत पोहोचला. तिथे तो कर्करोगावर काम करतो. आपल्याच रक्तातल्या पेशींना रोग ओळखायला आणि त्याच्याशी लढायला शिकवायचं, अशी ती उपचारपद्धती. इतक्या वर्षांनी तो गावी येणार म्हणून सत्कार समिती झाली, माजी सरपंच अर्थातच अध्यक्ष झाले, आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्याकडे निवृत्त ग्रंथपाल म्हणजे फुकटचं शुद्धलेखन.

समितीची बैठक अध्यक्षांच्या बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत झाली. फवारणीच्या औषधाचा वास, सरकीच्या पिशव्यांवर बसलेली चार माणसं, आणि मध्ये त्या शास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध निबंधांची यादी. अध्यक्षांनी ती नेटवरून काढून, स्टेपल मारून आणली होती. स्टेपल दोन ठिकाणी मारावी लागली, याचंच त्यांना मोठं समाधान होतं. त्यांनी ती माझ्या हातात देण्याआधी स्वतःच्या हातावर तोलून पाहिली.

"वजन बघा सर," ते म्हणाले. "शेजारच्या गावाने न्यायाधीशाचा सत्कार केल्ता. त्याच्याकडं असं काय होतं? एक डिग्री."

यादी मी घरी नेऊन वाचली. वाचायला नको होती. एकाच निबंधाचा गोषवारा तीन शहरांत वाचला, तर तीन नोंदी. दुसऱ्याच्या निबंधावर एका परिच्छेदाचं पत्र लिहिलं, तर ती नोंद. आधीच्या निबंधातली चूक दुरुस्त केली, तर दुरुस्तीचीही वेगळी नोंद, म्हणजे माणूस जितका चुकेल तितकी यादी वाढणार. दोन-चार निबंध खरोखर मोलाचे असतील. ते ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण नोंदी कशा फुगवतात हे मला कळतं. आमच्या ग्रंथालयातही एका पुस्तकाच्या तीन प्रतींना तीन दाखल क्रमांक पडत. ती तीन पुस्तकं आहेत असं आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही, तपासणी समिती आली होती तो दिवस सोडला तर. यादी खाली ठेवून मी हात धुतले. कागदाला काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी एका निबंधावर बोट ठेवलं. "यात आपल्या माणसाचं नाव कुठंय?"

"नववं."

त्यांनी बोटाने मोजलं. नववंच निघालं. आमच्या भागात लग्नपत्रिकेवर नावं मानाप्रमाणे पडतात. अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात एका चुलत्याचं नाव सहावं पडलं, तर तो हळदीला आला नव्हता.

"सहाव्याच्या खाली आमच्याकडं मंडपवाला असतो," अध्यक्ष म्हणाले. "हे कुणी छापलं असं?"

मी समजावलं, की या निबंधांत बहुधा ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं असतं, आणि ज्याची प्रयोगशाळा त्याचं शेवटचं.

"मंग नववा कोण?"

"त्यानेही मदत केली असं धरायचं."

"मदत करणाऱ्याचा सत्कार करून राह्यलो का आपण?"

बाकीची सगळी नावं काढून टाकायचं ठरलं. जगभरातली पंधरा-वीस माणसं आमच्या गावाने सरकीच्या पिशव्यांवर बसून, चहा संपायच्या आत निकालात काढली.

मग शीर्षकांचा मराठी अनुवाद. मी आठ निबंध निवडले होते. त्यातल्या सहांत उंदीर होते. उंदरांमधील गाठींवर अमुक पेशींचा परिणाम, उंदरांमधील तमुक उपचाराला मिळालेला प्रतिसाद. अध्यक्षांनी दोनदा ऐकून घेतलं.

"सर, ते उंदीर काढा."

"शीर्षकातच आहेत ते. प्रयोग उंदरांवर झालेत."

"झाले असतील. मानपत्रात उंदीर बरा दिसत न्हाई. खाली पंगत बसणारे."

मी उंदीर काढले. एकेका शब्दावर रेघ मारताना मला काही फारसं वाटलं नाही, ही गोष्ट मी आता सांगतोय, तेव्हा कुणाला सांगितली नाही. मानपत्र कुणी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात मी अशी बारा-पंधरा लिहिली आहेत आणि एकातही कुणाला चूक सापडलेली नाही.

हे मात्र एकाने वाचलं. अध्यक्षांनी त्यातली आठ शीर्षकं फ्लेक्सवर छापून फाट्यावर लावली. आमच्या ग्रंथालयात बावीस वर्षं शिपाई असलेल्या माझ्या सहकाऱ्याने ती एसटीची वाट पाहत उभ्याउभ्या वाचली. त्याच्या बायकोला पिशवीचा कॅन्सर होता. शहरातल्या दवाखान्यात तिचे केमोचे दोन डोस झाले होते, तिसऱ्याची तारीख पुढच्या मंगळवारी होती. तो फाट्यावरून थेट माझ्याकडे आला. रिपोर्टची फाइल काखेत.

"तारीख सोडली सर," तो खुशीत म्हणाला. "पुढच्या रविवारी डॉक्टरसाहेबच येऊन राह्यलेत. उगी तिला सलाइनचा तरास कामून द्यायचा?"

मी म्हणालो, "तो तसला डॉक्टर नाही. पेशंट तपासत नाही. तू मंगळवारी तिला घेऊन जा."

"फ्लेक्सवर लिहिलंय ना. कॅन्सरच्या गाठी बराबर गेल्या म्हणून."

"उंदरांच्या गेल्या. तिथे उंदीर होते, मी काढले."

तो हसला. "सर, कागदातून उंदीर कोणी काढतं का?"

मी आत जाऊन मूळ यादी आणली, इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. त्याने नम्रपणे पाहिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पुस्तकं तो पाठीच्या रंगावरून शोधायचा, आणि माझ्यापेक्षा लवकर शोधायचा.

"तुमचं आधीपासूनच कुणाच्या सत्कारावर मन न्हाई," तो समजुतीने म्हणाला. "प्राचार्यांच्या वेळेसबी तुम्ही असंच बोलल्ते. पण लिहिलेलं तर तुमचंच आहे. दाखल रजिस्टरात तुम्ही कधी खोटं लिहिलं न्हाई, मी बघितलंय."

तपासणीच्या दिवशी तो रजेवर होता.

मंगळवार आला आणि गेला. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दुसऱ्यांदा त्याने चहा दिला, पण विषय मोसंबीच्या बागेवर नेला. इतकी वर्षं मी प्रत्येक समारंभाची टिंगल करत आलो. त्यामुळे माझं बोलणं हा गावात माझा स्वभाव समजला जात होता, माहिती नव्हे. अध्यक्षांना म्हणालो, फ्लेक्स उतरवा. ते म्हणाले, "उतरवू की, सोमवारी."

रविवारी शाळेच्या मैदानात मंडप पडला. लेझीम झालं, स्वागतगीत झालं, शाली झाल्या. शास्त्रज्ञ दिसायला साधा, थकलेला माणूस होता. शालीखाली घामाने भिजला होता आणि पाहुण्यासारखा हसत होता. फेट्यातून गुलाबपाण्याचा ओघळ त्याच्या कानामागे उतरत होता. मला शिसारी आली ती त्याची नाही. ती त्या चिकट गोडीची होती, आणि त्यात माझंही साखरपाणी होतं.

मानपत्राचं वाचन माझ्याकडे होतं. उठतानाच मी ठरवलं होतं, की उंदीर परत घालायचे. प्रत्येक शीर्षकाला टाळ्या वाजवण्याची सूचना शिक्षकांना आधीच दिलेली होती. मी माईकमध्ये स्वच्छ वाचलं: "उंदरांमधील गाठींवर." टाळ्या. "उंदरांमधील प्रतिसाद." टाळ्या. तिसऱ्या वेळी मी नुसतं "उंदीर" म्हणून थांबलो. सगळ्यात जोरात टाळ्या त्यालाच पडल्या. शास्त्रज्ञाने एकदा चमकून माझ्याकडे पाहिलं, व्यासपीठावरचा तेवढा एकच माणूस ऐकत होता. तिसऱ्या रांगेत माझा शिपाई फाइल मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होता. शेजारी त्याची बायको, डोक्याला स्कार्फ बांधून. ती टाळ्या वाजवत नव्हती. पण तिचे हात सलाइनच्या सुयांनी निळे पडले होते, म्हणून मी त्यातून काही अर्थ काढला नाही.

शास्त्रज्ञ थोडंसं बोलला. या मातीचे आभार, शाळेचे आभार. मध्येच माईक बंद पडला, तो चालू करणाऱ्याचे आभार. पंगत वाट पाहत होती.

हात धुवायच्या टाकीजवळ माझ्या सहकाऱ्याने त्याला गाठलं. मी मागेच उभा होतो. त्याने फाइल उघडून दिली आणि म्हणाला, "साहेब, ही आमची मंडळी. तारीख सोडून थांबलो तुमच्यासाठी."

शास्त्रज्ञाने पानं उलटली. मग ती मिटली.

"कधीची तारीख होती?"

"गेल्या मंगळवारची."

"काका," तो अडखळत म्हणाला, त्याचं मराठी जुनं झालं होतं, "मी पेशंट पाहत नाही. मी उंदरांवर काम करतो. माझं काम माणसापर्यंत पोचायला अजून फार वेळ आहे. कदाचित पोचणारही नाही. उद्या सकाळी यांना घेऊन जा. थांबू नका."

सहकारी वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. रजिस्टरात खाडाखोड सापडल्यावर माणूस पाहतो तसं पाहिलं.

"मंग माझी तारीख कामून घालवली?" बायको म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

तेवढ्यात फोटोवाल्याने फोटो काढला. शास्त्रज्ञाच्या हातात फाइल, समोर स्कार्फ बांधलेली बाई. संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर आला. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं: सत्काराच्या धावपळीतही रुग्णसेवा. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी जेवण सोडलं.

सोमवारी पहिल्या गाडीने मी त्यांच्याबरोबर शहरात गेलो. फाट्यावर फ्लेक्स तसाच होता. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आमच्यावर आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, का आला नाहीत. सहकारी म्हणाला, गावात कार्यक्रम होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं. आधी ते भरून काढायचं ठरलं. तिसरा डोस मूळ तारखेनंतर तीन आठवड्यांनी मिळाला. या तीन आठवड्यांनी काय बिघडलं, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं मोजून सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत सहकारी खिडकीला डोकं टेकून झोपला. हसनाबाद जवळ आल्यावर त्याची बायको म्हणाली, "सर, पुढच्या वेळेस लिहिताना उंदीर राहू द्या."

मी बरं म्हणालो.

तिचे डोस अजून चालू आहेत. मध्यंतरी मी ती यादी नेटवर पुन्हा पाहिली. तीत एक नोंद वाढली आहे: निमंत्रित व्याख्यान, जालना जिल्हा, भारत. विषय, प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत. व्याख्यान माईकवाल्याच्या आभारांसकट साडेतीन मिनिटांचं होतं.