मास्तरांचा गुलाबी खडा

काल दुपारी कर्जतला आमच्या ओटीवर जोरात ठोकाठोक चालली होती. बघते तर काय, पणतवाने ऑनलाइन मागवलेला स्टोन किट आलेला… प्लॅस्टिकची हातोडी, प्लॅस्टरचा गोळा आणि गोळ्यात कंपनीने आधीच कोंबलेले खडे! म्हटलं, बाळा, आमचे खडे असे बोलावल्यावर घरी येत नव्हते रे.

मी शंभरीला टेकले आहे. मी बोलते आणि नातसून टाइप करते, तेव्हा चुका तिच्या, आठवणी माझ्या.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या कर्जतला एका मास्तरांनी चक्क दगडांचा क्लास काढला होता… दर रविवारी, त्यांच्याच पडवीत. नाव काय, तर पाषाण मंडळ! गावाला वाटायचं, मास्तरांचं डोकं फिरलंय.

सभासद आम्ही मोजकेच. स्टेशनातले बुकिंग क्लार्क, आणखी दोघं-तिघं हौशी, मी आणि जनी. जनी पळसदरीच्या अंगाला असलेल्या ठाकर आदिवासींच्या वाडीतली, माझ्याच वयाची. आईबरोबर मोळी घेऊन बाजारात यायची, एकदा पडवीत डोकावली आणि मग तिथलीच झाली.

सकाळी खाणीवर जायचं, काळा दगड फोडायचा. कधी आत पोकळी निघायची आणि तिच्यात पांढऱ्या सुया, नाहीतर हिरवट स्फटिक… अंगावर काटा यायचा हो! मग पडवीत परीक्षा. खिळ्याने ओरखडा उठतो का बघायचं, फुटक्या कौलावर घासून रंग बघायचा, काही दगडांना तर जीभसुद्धा लावायची. कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड टाकून आम्ही गारगोट्या सहाणेवर घासायचो. मास्तरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, देवाची सहाण आम्हीच कामातून घालवली.

फळीवरच्या एका खड्याला मात्र कोणी शिवायचं नाही. मुठीएवढा, चौकोनी, काचेसारखा, गुलाबी झाक असलेला. मास्तरांचे धाकटे भाऊ रेल्वेत होते, त्यांनी पंजाबातल्या खाणीतून आणलेला… आणि त्यानंतर वर्षभरात ते गेले. पावसाळाभर मास्तर तो खडा फलालीनमध्ये गुंडाळून डब्यात ठेवायचे. आम्हाला वाटायचं, नुसते लाड चाललेत.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काकूंनी पडवी आवरायला काढली. मास्तर पुण्याला गेले होते, मदतीला जनी. रविवारी मास्तर परत आले, फळीकडे बघितलं आणि उभेच राहिले. सगळे दगड लखलखीत… गुलाबी खडा तेवढा नाही.

"मी सगळं साफ करून जिथल्या तिथे ठेवलंय हो," काकू सांगत राहिल्या. क्लार्कसाहेब कोणाचं नाव न घेता म्हणाले, "काल इथे अजून कोण होतं?" सगळ्यांच्या नजरा जनीकडे गेल्या.

"म्या नाय घेतला, मास्तर," जनी म्हणाली.

मास्तर काहीच बोलले नाहीत. हो नाही की नाही नाही… नुसते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. जनीने आपली हातोडी खाली ठेवली आणि निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही, मला तर मेला तो क्लासच नकोसा झाला.

त्याच रविवारी मी मास्तरांच्या परसात हात धुवायला गेले. शेजाऱ्यांची शेळी धुण्याच्या दगडाला चिकटल्यासारखी उभी होती. हाकललं तरी हलेना, दगड चाटतेय आपली! वाकून बघितलं तर दगडाच्या खाचेत पांढरं काहीतरी सुकलेलं. शिकवणीच तशी होती, मी सरळ जीभ लावली.

खारट! मीठ!

ओरडत आत गेले. मास्तर धावत आले, उकिडवे बसले, बोट ओलं करून दगडावर फिरवलं आणि जिभेला लावलं. मग काकूंना विचारलं, "फळीवरचे दगड साफ कशाने केलेस गं?"

"चिखल सुटेना म्हणून रात्रभर घंगाळात भिजत घातले… सकाळी पाणी इथेच ओतलं की." बोलता बोलता काकूंचा हात तोंडावर गेला.

तो खडा म्हणजे मिठाचा स्फटिक होता. आख्खा विरघळून गेला होता. मास्तर आधी हसले, मग तिथेच बसून रडले. जगातल्या दगडांची माहिती असलेला माणूस, पण आठवडाभर घरात एवढा एक प्रश्न विचारायचं त्यांना सुचलं नाही.

डोळे पुसून ते उठले आणि म्हणाले, "चला, सगळे चला." क्लार्कसाहेब घड्याळ बघायला लागले, त्यांनाही सोडलं नाही. उन्हात चालत आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा जनी अंगण शेणाने सारवत होती.

मास्तरांनी सगळ्या वाडीदेखत तिला हात जोडले. "जने, खडा पाण्यात विरघळला. कोणी नेला नव्हता. मी गप्प बसलो, ते माझं चुकलं."

जनीने मान वर केली. "म्या तवाच सांगितलं व्हतं. तुमी आयकलं नाय."

"हो. नाही ऐकलं."

मग तिच्या आईने आतून पाण्याचा तांब्या आणून पुढे धरला. त्या काळात आमच्याकडचे लोक वाडीवरचं पाणी पीत नसत… मास्तर प्यायले, आणि तांब्या क्लार्कसाहेबांच्या हातात दिला. तेही प्यायले बिचारे!

"मास्तर, मी कर्जतला नाय येनार," जनी म्हणाली. "शिकवायचं तर हितं शिकवा."

आणि मास्तरांनी ऐकलं. त्यानंतर ते गेले तोवर मंडळ दर रविवारी जनीच्या अंगणात भरलं, आणि चालत जायची पाळी आमची होती.

एका मोठ्या माणसाने लहान मुलीची चारचौघांत माफी मागितलेली मी उभ्या आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली. जने, तू लगेच "असू दे" म्हणाली नाहीस, म्हणून आम्ही सगळे थोडे शहाणे झालो गं… तुझे उपकार आहेत.