दोन विहिणी आणि एक टांगती खाट

गेल्या थंडीत माझ्या लेकीनं आणि जावयानं मिळून मला एका कड्यावर रात्रभर टांगून ठेवलं. माझ्या संमतीनं.

ही संमती कशी दिली गेली ते आधी सांगते, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. (माझाच आहे. पण सांगायची एक पद्धत असते.)

शहापूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माझी लेक रेश्मा दिलीय वैशाखऱ्याला, अगदी माळशेजच्या डोंगराखाली. जावई हरेश भिवंडीच्या एका गोदामात कामाला होता. एक दिवस त्यानं ती नोकरी सोडली आणि घरात जाहीर केलं की आता तो लोकांना कड्यावर झोपवणार! कड्याच्या माथ्यावर तंबूत नव्हे हं. कड्याच्या पोटाला, दोरांनी लटकवलेल्या खाटेवर. वर आभाळ, खाली दरी आणि मधे गिऱ्हाईक.

"आणि लोक पैसे देऊन येणार?" मी विचारलं.

"येनार मामी," जावई म्हणाला. "मुंबैचे लोक घरात झोप येत नाय म्हनून कुटंही जातात."

त्यानं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, सामान आणलं होतं, वर्षभर सराव केला होता. नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. शेवटी ठाण्याच्या एका ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. त्यांना सगळ्या ऑफिसची सहल काढायची होती. दोर किती जाड, खिळे किती खोल, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, "तुमची स्वतःची आई झोपेल का हो तिथं?"

हरेश धंद्याच्या भरात बोलून गेला, "झोपेल काय, आनंदानं झोपेल!"

"छान. मग शनिवारी मी बघायलाच येते."

आता हरेशची आई म्हणजे माझी विहीण, द्वारकाबाई. त्यांना हे कळलं तेव्हा मी नेमकी तिथंच होते. त्यांचे दोन ब्लाउज शिवून द्यायला गेले होते. (लग्नापासून त्यांची एकच तक्रार : मी शिवलेला ब्लाउज काखेत काचतो. लग्नापासून माझं एकच उत्तर : ब्लाउज तोच आहे, विहीणबाई.)

"नाय म्हंजे नाय!" त्या ओट्यावरूनच गरजल्या. "डोंगर बगायचा असतो, त्याला लटकायचं नसतं. जलम गेला माजा याच्याखाली. मी कदी त्याला तरास दिला नाय, त्यानं मला दिला नाय."

हरेशचं तोंड एवढंसं झालं. रेश्मा माझ्याकडे बघायला लागली. आणि माझ्या जिभेनं मला न विचारता निर्णय घेतला.

"त्यात काय एवढं! मी झोपते. मॅडमला थोडीच कळणार आहे आई कोण आणि सासू कोण! लहानपणी आम्ही आंब्याच्या फांदीवर झोपायचो."

(त्या आंब्याची फांदी जमिनीला टेकलेली होती. आणि मी तिथं झोपले नव्हते, वडिलांच्या भीतीनं लपले होते.)

मला वाटलं, कुणीतरी 'नको नको' म्हणेल. कुणीही म्हणालं नाही! उलट विहीणबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "माज्या पोराच्या धंद्यासाठी त्याची सासू लटकनार, आनि मी चुलीपुढं बसून ऱ्हाऊ? गावाला काय तोंड दावू? हरेश, दोघींची खाट लाव!"

झालं. परतीची वाट दोघींनीही बंद केली होती.

शनिवारी दुपारी आम्हाला कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधायचा कार्यक्रम झाला. मी त्यासाठी रेश्माची पँट मागितली. ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. जन्मभर जगाची मापं घेतली, स्वतःचं घ्यायचं राहून गेलं! शेवटी आमच्या ह्यांची जुनी पायजमावजा पँट नाडीनं आवळली. विहीणबाईंनी मात्र काष्टा घातला. त्या काष्ट्यावर तो पट्टा असा बसला, जणू कंपनीनं त्यांचंच माप घेतलं होतं.

मॅडम चारला आल्या. आम्हा दोघींना बघून त्यांनी हरेशला विचारलं, "यातल्या आई कुठल्या?"

"दोनी," हरेश म्हणाला.

मग आम्हाला एकेक करून खाली सोडलं. डोळे मिटले की भीती वाटत नाही, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. ज्यानं सांगितलं तो जिन्यावरून उतरत असणार. हरेश शेजारच्या दोरावरून माझ्यासोबत उतरत धीर देत होता.

"मामी, पाय खडकाला लावा."

"खडक कुठाय?"

"डोळे उघडा, दिसेल!"

"मग राहू दे."

खाट म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर ताणलेलं जाड कापड. कड्याला एका बाजूनं टेकलेली, बाकी हवेत. हरेशनं आमचे दोर नीट अडकवले, पुन्हा तपासले, आणि मग विहीणबाई बसल्या. त्या तिकडे बसल्या आणि मी इकडे वर गेले!

"विहीणबाई, हलू नका!"

"मी कुटं हालते? मी निस्ती बसले."

"मग बसू नका!"

"मंग काय उभी ऱ्हाऊ, बसथांब्यावानी?"

शेवटी हरेशनं आमचं वजन जमवलं. त्या कड्याकडे सरकल्या, मी कोपऱ्यात पाय गोळा करून बसले. मग त्यानं जेवणाची पिशवी टांगली आणि माझ्या हातात वॉकीटॉकी दिला. वाऱ्यात वरपर्यंत आवाज जात नाही म्हणून. "हे बटन दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मी वरच हाय, हाक मारली की आलो." एवढं सांगून तो माकडासारखा दोरावरून वर गेला.

मी ते यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं. घट्ट. बटणासकट.

सूर्य बुडाला. गार वारा सुटला. खाटेनं जराशी कुरकुर केली, आणि मी मोठ्यानं कुलदैवताशी बोलणी सुरू केली.

"खंडोबा, सुखरूप वर ने. सोमवारचा उपास करीन."

खाट पुन्हा कुरकुरली.

"बरं, सोमवार आणि गुरुवार!"

"शनवार पन सांगा," विहीणबाई म्हणाल्या, "माज्या नावावर. तुमचं देवाशी चाललंच हाय तर."

मग त्यांनी पिशवी सोडली. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. माणूस कितीही उंचावर असो, सुकटीचा वास आला की निम्मा जमिनीवर येतो. दोन घास पोटात गेल्यावर माझी जीभ सुटली.

"त्या मॅडम बऱ्या दिसल्या हो. पण गॉगल काय तो! सावलीत आल्या तरी काढेनात. वाटलं, मोतीबिंदू झालाय की काय."

"नायतर काय! आनि मी म्हनते, ठान्याला यांना घर नाय का? चांगली गादी टाकून इथं लोंबकळाया येनार! आनि आमचा हरेश त्यांना लोंबकळवनार. येडा हाय तो, ल्हानपनापासून."

"माझी तरी कुठं शहाणी आहे? तिनंच पसंत केला त्याला. मी तर दोनदा नकार कळवला होता."

"मी तुमच्या पोरीला तीनदा!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग एकदमच हसू फुटलं, आणि हसलो तशी खाट हलली, खाट हलली तसं एकमेकींना धरलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. व्याहीभेटीला गळाभेट झाली त्यानंतर आम्ही एकमेकींना मिठी मारली ती ही!

जराशानं विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गोदामात होता तवा पोराचं तोंड दिसत नसं गो. यायचा तो झोपायाच यायचा. आता रोज माज्यासंगती जेवतो. डोंगर डोंगर करतो, पन हसतो तरी. हा धंदा चालला पायजे, विहीणबाई. नायतर परत जाईल तिकडं."

पहिल्यांदाच मला कळलं की काष्टा घालून ही बाई माझ्याशी चुरस करायला आलीच नव्हती. आणि पुन्हा माझ्या जिभेनं परस्पर कारभार केला, "चालेल, विहीणबाई! नाही चालला तर मी रोज रात्री इथं लटकीन!"

एवढ्यात दोर हलले आणि हरेश खाली आला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता. डोळे ओले आणि ओठ दाबून धरलेले.

"मामी," तो म्हणाला, "बटन सोडा."

"कुठलं बटण?"

"हातातलं. मघापासून आमी सगळं ऐकतोय."

"सगळं?"

"उपासापासून."

"मॅडम कुठं होत्या?"

"यंत्र त्यांच्याच हातात व्हतं."

त्या क्षणी मला दरी जवळची वाटली. विहीणबाईंनी मात्र पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, "जेवलास का रं?" एवढंच विचारलं आणि पांघरूण ओढून घेतलं. पाच मिनिटांत त्या घोरायला लागल्या. त्यांनी श्वास घेतला की मी वर जायची, सोडला की खाली. असं झोके घेत घेत केव्हातरी मलाही झोप लागली.

सकाळी डोळे उघडले आणि चुकून खाली बघितलं. गावावर धुकं होतं. कौलांतून धूर निघत होता, घाटातून दुधाचा टेम्पो मुंगीसारखा चढत होता, आणि घारी चक्क माझ्याखालून उडत होत्या. इतकं सुंदर मी जन्मात काही बघितलं नव्हतं. वाटलं, असंच बसून राहावं. आणि खरंच बसून राहिले, कारण माझी बोटं दोरावरून सुटेचनात! हरेश झाला, विहीणबाई झाल्या. शेवटी त्यांनी शेंगा सोलाव्यात तसं माझं एकेक बोट सोडवलं आणि मला भाताच्या पोत्यासारखं वर ओढलं गेलं.

वर मॅडम उभ्या होत्या. गॉगल हातात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझे दोन्ही हात धरले.

"मावशी, आमची सहल पक्की. फक्त एक अट आहे. शेजारच्या खाटेवर तुम्ही दोघी पाहिजेत."

"माजी ना नाय," विहीणबाई लगेच म्हणाल्या. "आनि ह्यांनी तर कालच कबूल केलंय. रोज रात्री."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसून मान डोलावली. ठाण्याची सहल झाली, मग नाशिकची आली, आणि आता शहापुरात मला कुणी शिंपीण म्हणत नाही, कड्यावरची मावशी म्हणतात. मीही पदर सावरत म्हणते, "सवयीचा प्रश्न असतो हो, उंचीचं काही वाटत नाही."

परवा दुकानात वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढले. चढले ती चढले. उतरायला पाय काही खाली येईना. समोर मापाला आलेली बाई बराच वेळ हात पसरून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "मावशी, माप तिथूनच घेताय का?"

घेतलं.