न लवणारी पापणी

आमच्या चिंचणीत दागिन्यांच्या डाय कोरणारे बरेच आहेत, त्यांतला मी एक. पोलादाच्या ठोकळ्यावर फुलं, पानं, मोर उलटे कोरायचे. पुढे सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतो. वडिलांनी शिकवलेला पहिला नियम हाताचा नव्हता, डोळ्याचा होता. छिन्नी पोलादावर असेपर्यंत पापणी लवता कामा नये. कारखान्यात आम्ही त्यावर पैजा लावायचो. मी कधी हरलो नाही, आणि हे सांगताना अजून छाती फुगते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्यासारख्यांसाठीच.

पन्नाशी ओलांडली आणि उजवा डोळा रुसला. सकाळी वाळू गेल्यासारखं टोचायचं, दुपारी लाल व्हायचा, भिंगाखाली बघताना घळाघळा पाणी यायचं. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डोळा कोरडा पडलाय. इथे रुमाल भिजतोय आणि या म्हणतात कोरडा; मनात म्हटलं, आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. त्यांनी न चिडता समजावलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात अतिशय बारीक नसांचं जाळं असतं. वरचा भाग सुकला की त्या मेंदूला कळवतात, मेंदू अश्रू सोडतो, पापणी मिटवतो. माझं ते पाणी म्हणजे नसांची ओरड होती. रोज तासन्‌तास डोळा सुकवला की नसा चिडतात, स्वतःच काही द्रव्यं सोडून सूज बोलावतात, आणि ती सूज त्यांनाच आणखी चिडवते. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या घरातली भांडणंही अशीच चालतात.

त्यांनी सूज उतरवायचे थेंब दिले, काम निम्मं करायला आणि मुद्दाम पापण्या मिटायला सांगितलं. ते सगळं मी कानाआड केलं. लक्षात राहिला तो तपासणीआधी त्यांनी घातलेला एक थेंब. त्याने डोळा बधिर झाला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा टोचणं थांबलं. तो मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, हे फक्त तपासणीपुरतं, घरी न्यायचं औषध नाही.

लग्नसराईचं काम अंगावर होतं. तलासरीत एका ओळखीच्या औषधवाल्याकडे थाप मारून मी ती बाटली मिळवली आणि हत्यारांच्या खणात लपवली. पुढचे पंधरा दिवस मी राजा होतो. डोळा दुखत नव्हता, पापणी लवत नव्हती. आयुष्यातला सर्वांत देखणा मोर मी त्या पंधरवड्यात कोरला. शेवटी शेवटी दिव्याभोवती धुकं दिसायला लागलं, पण दुखत नाही म्हणजे बरं आहे, असा माझा हिशेब.

एका दुपारी जेवायला बसलो तर बायको माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ती शाळेत शिकवते. तिची ती नजर मला ठाऊक आहे. म्हणाली, "तुमच्या डोळ्यात काहीतरी चमकतंय." आरशात पाहिलं. बुबुळावर पोलादाचा कण बसला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.  तिथेच तिला बाटलीचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी कण काढला. मग कापसाचं टोक बुबुळाला लावलं आणि विचारलं, कळतंय का. मी म्हटलं, तुम्ही अजून लावलंच कुठे आहे. त्यांनी बुबुळाला टेकलेला कापूस मागे घेतला.

"त्या थेंबांनी नसाच मारल्यात. नसेलाच कळलं नाही, तर ती मेंदूला कळवणार काय?" त्या म्हणाल्या. "अश्रू बंद, पापणी बंद. वरचा पडदा जगतो तोही या नसांच्या जिवावर. आता तो सोलवटलाय."

नजर जाऊ शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नसा परत येतात का, एवढंच मी विचारू शकलो. येतात, त्या म्हणाल्या, पण हळूहळू, आणि घाई केली तर येत नाहीत.

मी घाबरलो होतो. छिन्नी हातात नसली तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवसापासून घड्याळ लावून थेंब घालायला लागली. सकाळ-संध्याकाळ मला ओसरीवर बसवून पापण्यांची कवायत घ्यायची. मिटा, दाबा, उघडा. अगदी पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं. रस्त्यावरून जाणारे हसायचे, मी मुकाट मिटायचो. दोन महिन्यांनी पडदा भरून आला, धुकं विरळ झालं. पण कापूस अजून कळत नव्हता, आणि तो कळेपर्यंत छिन्नी धरायची नाही असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता.

मग एका रविवारी मी पेपर चाळत होतो. आत बायको सुकटीला सुक्या मिरचीची फोडणी देत होती. आधी डावा डोळा चुरचुरला, नेहमीसारखा. मग उजव्यात बारीक चिमटा बसला. मी पेपर खाली ठेवला. चिमट्याची आग झाली आणि उजव्या गालावरून पाणी ओघळलं. पाठोपाठ मीही रडायला लागलो, खरोखरचं.

ती पळीसकट बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? दिसेनासं झालं का?"



"झोंबतंय गं," मी म्हटलं. "उजव्याला झोंबतंय."

तिने माझ्या उजव्या गालावरचं पाणी बोटाने टिपलं. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले, आत गेली आणि तेलात आणखी दोन मिरच्या टाकल्या.